पहिला बोल

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून शरच्चंद्र बायकोची उजळणी घेत होता.

"म्हण पुन्हा."

"अहो, पाठ आहे मला."

"पाठ आहे तर म्हणायला काय जातंय?"

मालिनी द्राक्षांच्या पेट्यांना सुतळी बांधत होती. तिचं माहेर निफाडचं. त्यामुळे जत्रेला जाताना द्राक्षं न्यायची आणि येताना खाजा आणायचा, हा तिचा लग्नापासूनचा शिरस्ता. सुतळीची गाठ दातात धरूनच ती शाळेतल्या कवितेसारखं म्हणाली, "दुकान नाशकात येऊ दे, घर एका जागी नांदू दे."

"'दुकान'वर जोर दे. पुढचं विसरलीस तरी निभेल, पण पहिला शब्द 'दुकान' आला पाहिजे."

"काकू, सोलकढी आहे का?" शटरखालून कुणीतरी वाकून विचारलं.

"बंद आहे हो. गावच्या जत्रेला चाललोय. सोमवारी या," मालिनी म्हणाली आणि मग पुढे पाच मिनिटं त्या बाईंशी त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाविषयी बोलत राहिली. शरच्चंद्र कपाळाला हात लावून बघत होता. गंगापूर रोडवरचं हे कोकणी खाण्याचं दुकान त्याच्या मसाल्यावर चालतं की बायकोच्या तोंडावर, हा प्रश्न त्याला पूर्वीपासूनच होता. आणि नेमकं तेच तोंड परवा दिवसभर बंद ठेवायचं होतं.

या नवरा-बायकोला खूळ लागलं होतं असं कुणी समजू नये. मालवणच्या अलीकडे, समुद्राला खेटून असलेली वेळेवाडी हे शरच्चंद्राचं गाव. तिथल्या पावणाईची जत्रा माघात भरते. देवीच्या नैवेद्याचा मान ज्या मोजक्या घरांकडे आहे त्यांतलं एक त्याचं. त्या घरच्या बायका सकाळी चूल पेटवतात, ती पेटल्यापासून नैवेद्य देवीला पोचेपर्यंत तोंडातून एक अक्षर काढत नाहीत. देवळातून ढोल वाजला की घरची थोरली सून प्रसादाचा घास घेते आणि तोंड उघडते. ती जे पहिलं बोलेल ते देवीचंच बोलणं धरून घर पाळतं. त्याला म्हणतात पहिला बोल.

शरच्चंद्राच्या आईने एका वर्षी "परसात विहीर खणा" म्हटलं होतं. जाणत्यांनी हात जोडले, म्हणाले कातळात पाणी कुठलं? पण खणली, आणि पाणी लागलं. त्याच्याही आधी, आजी थोरली सून असताना, ढोल वाजायला आणि म्हैस दाव्यातून निसटायला एकच गाठ पडली. म्हातारीच्या तोंडून निघून गेलं, "मेल्यांनो, म्हस सुटली!" घरात पुष्कळ खल झाला. हा बोल धरायचा की नाही? शेवटी धरला. दुभती म्हैस खरोखर सोडून दिली. ती शेजारच्या गावात सुखाने म्हातारी झाली म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. यंदा थोरली सून मालिनी होती.

प्रश्न होता देवळासमोरच्या दुकानाचा. बेसनाच्या जाड शेवा तळायच्या आणि आल्याच्या गुळात घोळवायच्या, झाला खाजा. सांगायला एवढंच. पण वेळेवाडीचा खाजा घेतल्याशिवाय त्या पट्ट्यातल्या एकाही जत्रेतून माणूस घरी जात नव्हता. शरच्चंद्राचा धाकटा भाऊ सत्यवान तो तळायचा आणि त्याची बायको मोहिनी गुळात घोळवायची. आता शरच्चंद्राने आणि त्याच्या मुलाने, मयुरेशने, नाशकातल्या सातपूरला शेड बघून ठेवली होती. खाजा तिथे करायचा, पाकिटं करून सगळीकडे पाठवायचा. गावचं दुकान बंद करायचं, सत्यवान-मोहिनीने नाशकात यायचं. आईच्या तेराव्याला हा विषय निघाला तेव्हा सत्यवान हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. मोहिनी मात्र पंगतीतून उठून गेली. थोरल्याने जबरदस्ती केली तर गाव म्हणणार, धाकट्याचं दुकान खाल्लं. पण पहिल्या बोलातच ते आलं तर? मग कुणाची जीभ उचलणार?

मालिनीला यात काही गैर वाटलं नव्हतं, हेही सांगून टाकावं. नाशकातल्या दुकानात मुली महिनाभर टिकत नव्हत्या. संध्याकाळी तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. मोहिनीसारखे हात शेजारी आले तर तिला हवेच होते. शिवाय सासूने तिला कधी त्या चुलीपाशी फिरकू दिलं नव्हतं. "घाटावरची ती, तिका काय कळता," एवढ्यावर विषय संपायचा. नाशकात लोक तिला कोकणी काकू म्हणायचे आणि कोकणात ती घाटी. एकदा तरी त्या चुलीसमोर बसून सगळ्या घराने आपलं ऐकावं, ही तिची मनातली गोष्ट होती. काय ऐकावं ते नवऱ्याने ठरवलं होतं, तर ठरवू दे.

गाडी मयुरेश चालवत होता. सिन्नर गेलं, संगमनेर गेलं, पुणं मागे पडलं, तरी बाप-लेकाचं सातपूरच्या शेडचं बोलणं संपेना. मागे मालिनीची सून मृण्मयी खिडकीला डोकं टेकून बसली होती. एरवी बोलकी पोरगी, पण आज तिने फक्त एकदा विचारलं, "मोहिनीकाकींना कुणी विचारलंय का?" आणि पुढे शेडच्या भाड्याचंच बोलणं चालू राहिलं.

अंधार पडायच्या सुमारास पोचले. मोहिनी अंगणात उभीच होती.

"इलास? वाटेत काय खाल्लास की नाय?" तिने द्राक्षांची पेटी उतरवून घेतली. मग हळूच हसली. "वयनी, तुमका जमतला मा गप ऱ्हवाक?"

"न जमायला काय झालं?"

"आमच्यो वयनी गप ऱ्हवल्यो तर समुद्राक भरती येवची नाय," सत्यवान ओटीवरून म्हणाला. सगळे हसले. मालिनीही हसली, पण मोहिनीच्या डोळ्याला डोळा द्यायला तिला जमेना.

*

सकाळी दोघी जावा विहिरीवर आंघोळी करून, ओल्या केसांनी चुलीसमोर बसल्या. मोहिनीने काडी ओढली, मालिनीने ती तिच्या हातातून घेतली आणि चुलीला लावली. तो थोरल्या सुनेचा मान. ढलप्यांनी पेट घेतला आणि घरातलं बायकांचं बोलणं थांबलं.

पहिला तास मालिनीला इतका जड गेला की सांगता सोय नाही. भात वैरताना "पाणी पुरेल ना?" हे अगदी ओठावर आलं. वाटाणे चाळताना एक खडा सापडला, तर तो कुणाला दाखवून "बघितलंस?" म्हणायची चोरी. बोलणाऱ्या माणसाला मौन म्हणजे काय, हे न बोलणाऱ्याला कळायचं नाही. तिचं मन नुसतं इकडून तिकडे धावत होतं. मधूनमधून ती मनात म्हणून बघायची, दुकान नाशकात येऊ दे. दुकान. दुकान.

बाहेर जत्रा भरत होती. पाळण्यांचा कर्रकर्र आवाज, पिपाण्या, भोंग्यावरून हरवलेल्या पोरांच्या आयांना हाका. परसदाराच्या फटीतून माडांच्या पलीकडे दुकानाची मागची बाजू दिसत होती.

मोहिनी कळशी घेऊन विहिरीवर गेली आणि ती संधी साधून सत्यवान आत आला. उंबऱ्याबाहेरच बसला. चुलीपाशी यायला पुरुषांना मनाई होती, बोलायला नव्हती.

"वयनी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "दादान सांगल्यान माका, तुमी काय बोलतल्यात ता. बोलान टाका. माका येवचा आसा नाशकाक."

मालिनीचा हात थांबला.

"माझी पाठ गेली वयनी. कढईफुडे उभो ऱ्हवलंय काय कमरेतसून अशी कळ येता की डोळ्याफुडे अंधार. पण मोहिनीक सांगूक धीर होणा नाय. ती म्हणतली, माझ्या दुकानाची ह्येंका पर्वा नाय. तुमी माका थय गल्ल्यार बसवा. सकाळी मिसळ खातलंय, सांजचो गंगेर फिरतलंय." त्याचा चेहरा एकदम खुलला. दोनदाच नाशिकला येऊन गेलेला माणूस, पण गोदावरीला गंगा म्हणायला शिकला होता. "मी सांगलंय म्हणान कोणाक कळूक नको हां."

कळायला ती सांगणार कशी? सत्यवान हलका होऊन उठला. उठताना त्याने चौकटीला धरलं, तेही कुणी बघत नाही असं बघून. मालिनीला त्याची दया आली आणि बरंही वाटलं. चला, म्हणजे आपण कुणाचं ओरबाडत नाही आहोत. ज्याचं दुकान त्यालाच नकोय.

मग मयुरेश आला. हातात मोबाइल आणि त्याचं तिपाई स्टँड.

"आई, तू बाहेर पायरीवर उभी राहा, तिथे लाइट मस्त येतोय. बोलताना इकडे बघ. आणि एकच वाक्य, प्लीज. नंतर तू दोन तास बोललीस तरी चालेल." त्याने स्टँड उघडून-मिटून बघितलं. "सातपूरच्या उद्घाटनाला हेच लावायचं. 'देवीच्या आज्ञेने.' कसं वाटतंय?"

मालिनीने कणकेचा हात त्याच्यासमोर झटकला. पीठ मोबाइलवर उडालं. तो हसत पळाला.

मृण्मयी मागच्या पडवीत होती. तिची पाळी आली होती, म्हणून ती चुलीला शिवणार नव्हती, आणि चुलीला शिवणार नव्हती म्हणून तिला बोलायला मोकळीक होती. सटाण्याच्या त्या पोरीने आल्या आल्या यावर वाद घातला होता आणि मग सोडून दिला होता. आता ती दाराच्या त्या बाजूला चटई ओढून बसली. मोहिनी पुढच्या अंगणात केळीची पानं पुसत होती.

"आई, तुम्हाला आत्ता बोलता येत नाहीये म्हणूनच सांगते. एरवी माझा धीर झाला नसता."

मालिनीने मान वर केली.

"मयुरेशला बंगळुरूची नोकरी लागलीये. जूनमध्ये जायचंय आम्हाला. बाबांना तो युनिट सुरू झाल्यावर सांगणार आहे, म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही म्हणे. मी त्याला किती वेळा म्हटलं, आत्ता सांग. ऐकत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकींना इथून उपटून तिकडे न्यायचं आणि आम्हीच तिथे नसायचं. हे बरोबर नाही ना आई? तुम्ही ते नका बोलू. प्लीज."

तोंडाला कुलूप घातलेल्या बाईचा राग जाणार कुठे? हातात गेला. मालिनीने वड्यांचं पीठ असं काही तिंबलं की परात जमिनीवर नाचायला लागली. पोटचा पोर! आईला पायरीवरच्या उजेडात उभी करून रील काढतो आणि सुटकेस भरून ठेवतो. त्याला हाक मारून समोर उभा करावा आणि चांगला सोलून काढावा, असं तिला इतकं वाटलं की तिने पदर तोंडात कोंबला. खरंच कोंबला. मृण्मयी घाबरून उठून गेली.

आता काय करायचं? सत्यवानाला हवंय, मृण्मयीला नकोय, मयुरेशला नुसतं दाखवायला हवंय. तिने वडे थापायला घेतले तर एक गोल होईना. दुकान, दुकान, असं पुन्हा मनात म्हणून बघितलं. तो शब्द सकाळच्यासारखा सरळ उभा राहीना.

दुपारी शरच्चंद्र आला. मोहिनीही तेव्हा चुलीपाशीच होती, खिरीत रवी फिरवत.

"मीठमसाला सगळं आहे ना?" त्याने उगाच विचारलं. दोघींनी मान डोलावली. तो घुटमळला. मालिनीकडे बघून ओठ हलवले, दु-का-न. मग म्हणाला, "लक्षात आहे ना? असेल तर मान हलव."

मालिनी कढईत बघत राहिली.

"अगं, मान हलव की."

वडा फुगला. तिने तो उलटला.

शरच्चंद्राचा चेहरा पडला. बायको बोलत असली की तो वैतागायचा, पण ती काय विचार करतेय हे त्याला नेहमी कळायचं, कारण ती ते बोलून दाखवायची. आज तिच्या डोक्यात काय चाललंय ते त्याला लग्नानंतर पहिल्यांदा कळत नव्हतं. मग त्याने मोर्चा धाकटीकडे वळवला.

"मोहिनी, तू कसली काळजी करू नकोस. तुझं वाईट होईल असं मी काही करणार नाही. नाशकात तुला गरम गुळात हात घालायला नको, मशीन आहे. तुम्हाला वेगळी खोली देऊ. आणि सत्याचं म्हणशील तर त्याची काही हरकत..."

मोहिनीने रवी पातेल्याच्या काठावर आपटली. एकदाच. शरच्चंद्र उठून गेला.

मालिनी चोरून धाकट्या जावेकडे बघत होती. मोहिनीच्या मनगटांवर गुळाच्या चटक्यांचे जुने पांढरे डाग होते. ती लग्न होऊन आली तेव्हापासून दुकानात होती. सकाळपासून घरातलं प्रत्येक माणूस या स्वयंपाकघरात येऊन, थोरलीच्या कानात आपापलं सांगून गेलं होतं. एकटी हीच काही सांगू शकली नव्हती. ज्या चुलीने मालिनीला ऐकायला बसवलं होतं, त्याच चुलीने हिचं तोंड बांधलं होतं. आणि जत्रा नसती, तोंड मोकळं असतं, तरी हिला कुणी विचारलं होतं?

मोहिनी उठून परसदारी गेली आणि एकदम ताठ झाली. मालिनीही उठून तिच्यामागे गेली. माडांच्या पलीकडे दुकानात सत्यवान गिऱ्हाइकांना खाजा भरून देत होता, आणि एका ओळखीच्या माणसाशी गप्पा मारता मारता ताज्या खाज्यावर कालचा उरलेला ओतत होता. मोहिनीने दोन्ही हात हवेत हलवले. त्याचं लक्ष नाही. तिने चुटक्या वाजवल्या. टाळी वाजवली. जत्रेच्या कल्लोळात टाळी कोण ऐकतो! शेवटी तिने खाली पडलेली करवंटी उचलली आणि नेम धरून फेकली. ती दुकानाच्या पत्र्यावर जाऊन अशी दणाणली की सत्यवान बाकड्याखाली बसला. मग त्याने डोकं वर काढलं, बायकोला बघितलं, हातातलं डालगं बघितलं आणि मुकाट्याने कालचा खाजा परत वेगळा काढायला लागला.

मालिनीला हसू फुटलं. आवाज करायची सोय नव्हती. ती पोट धरून खाली बसली. मोहिनीने तिच्याकडे बघितलं आणि तीही भिंतीला टेकून बसली, तोंडावर दोन्ही हात दाबून. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. इतक्या वर्षांत त्या अशा एकत्र कधी हसल्या नव्हत्या. आणि मग हसता हसता मोहिनीचं पाणी हसण्याचं राहिलं नाही. तिने मालिनीचा हात घट्ट धरला. काहीतरी सांगायला ओठ उघडले, पुन्हा मिटले. मालिनीने नुसता तो हात धरून ठेवला.

*

उन्हं कलली तेव्हा नैवेद्याच्या टोपल्या डोक्यावर घेऊन पुरुष देवळाकडे गेले आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परत आले. अंगणात घर जमलं, शेजार जमला. देवळाचे मानकरी, म्हातारे गुणाजी, त्यांना खुर्ची दिली. मयुरेशने स्टँड लावला. शरच्चंद्र बरोबर समोर उभा राहिला. मालिनी पायरीवर आली. तिच्यामागे दाराला धरून मोहिनी उभी होती. तिचं मौन थोरली बोलल्यावरच सुटणार होतं.

ढोल वाजला. मालिनीने प्रसादाचा घास घेतला आणि गिळला. समोर शरच्चंद्राचे ओठ हलत होते, दु-का-न. सत्यवान जमिनीकडे बघत होता. मृण्मयी दूर माडाखाली हात जोडून उभी होती.

दिवसभर साठलेलं इतकं काही तिच्या घशाशी आलं होतं! मयुरेशला झापायचं होतं. नवऱ्याला सांगायचं होतं की तुमचा मुलगा चाललाय. मनासारखी जागा मिळाली होती, सगळं घर कान देऊन उभं होतं, आणि बोललं तर कुणी मोडणार नव्हतं. तिला त्याचीच भीती वाटली.

ती कॅमेऱ्याला पाठ करून वळली.

"मोहिनी, तुला काय हवंय?"

कुणाला काही कळेना. "कट, कट!" मयुरेश म्हणाला. "आई, अगं..."

"हा बोल नव्हे," शरच्चंद्र घाईघाईने म्हणाला. "हा आपला साधा प्रश्न. हिची जीभ घसरली. मालिनी, बोल तू नीट, बोल."

"म्हस सुटली तीय जीभच घसरलेली," गुणाजी खुर्चीतून म्हणाले. "ता पाळलास मा? मगे ह्याय पाळा. थोरल्येन इचारल्यान, आता धाकटी सांगतली. ती सांगीसर कोणी मधी तोंड घालूचा नाय."

सगळ्यांच्या माना मोहिनीकडे वळल्या. ती गोंधळून मालिनीकडे बघत होती.

"माका इचारतास?"

"तुलाच."

मोहिनीने पदराने तोंड पुसलं. पायरी उतरून ती खाली आली. लग्नापासून जी बाई थोरल्या दिरासमोर दाराआडून बोलायची ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"दादानू, दुकान माका व्हया," ती म्हणाली. "बंद करू नकात. कढईर मी उभी ऱ्हवतंय, हाताखाली दोन बायको घेतंय. खाजो नाशकाक व्हयो तेवढो धाडतंय. पण होयत तो हयसर होयत, माझ्या हातान."

"बरं," शरच्चंद्र कसाबसा म्हणाला. "आणि सत्या? त्याचं काय मत..."

"ह्येंका घेवन जावा."

सत्यवानाने दचकून वर बघितलं.

"घेवन जावा तुमच्याबरोबर," मोहिनी म्हणाली. "दमले ते. पाठ गेली त्येंची. माका सांगनत नाय. माका वायट वाटात म्हणान गप ऱ्हवतत. पण रात्री कूस बदलताना कण्हतत, ता मी रोज आयकतंय. तुमच्या थय खुर्चेर बसवा. काय खावचा ता खाऊक देवा. थोडे दिवस तरी बरे ऱ्हवांदेत."

मालिनी रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

"मोहिनी," सत्यवान म्हणाला, "तुका कोणी सांगल्यान गो?"

"सांगूक कित्याक व्हया? माझो घोव तो."

शरच्चंद्राने एकदा मुलाकडे बघितलं, एकदा बायकोकडे. त्याची सातपूरची शेड अंगणात उभ्या उभ्या कोसळली होती आणि त्याला रागवायला जागाही नव्हती, कारण त्यानेच बायकोला या पायरीवर आणून उभं केलं होतं. तो भावापाशी गेला. सत्यवान ताठ उभा राहायचा प्रयत्न करत होता. शरच्चंद्राने त्याच्या कमरेवर हात ठेवला, तसा तो कळवळला.

"कधीपासून रे?"

सत्यवानाने त्याचा हात कमरेवरून बाजूला केला.

"मला सांगायचं नाही होय?" शरच्चंद्र म्हणाला. त्याने भावाला धरून हळूच पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. मग त्याने मान वर करून धाकट्या भावजयीला विचारलं, "मोहिनी, ह्याचे कपडे भरशील? परवा सकाळी निघायचंय."